स्पेक्ट्रमच्या लेखाला कमोडोरचा फोटो

मा. संपादक, स.न.

कालच्या रविवार पुरवणीतला जुन्या होम कॉम्प्युटरवरचा लेख वाचला. सकाळी चहाबरोबर वाचला तेव्हा सोडून द्यायचं ठरवलं होतं, आमच्या हिनंही तेच सांगितलं, पण रात्री साडेअकराला उठून रद्दीतनं पुरवणी परत काढली तेव्हा ही म्हणाली, आता लिहूनच टाका एकदा म्हणजे झोप तरी लागेल. म्हणून हे पत्र. छापाल न छापाल.

पहिली गोष्ट, लेख झेडएक्स स्पेक्ट्रमवर आणि फोटो कमोडोर ६४चा. दोन्ही १९८२चे, इथपर्यंतच साम्य. कमोडोर म्हणजे तो जाडजूड पावाच्या आकाराचा आणि स्पेक्ट्रम म्हणजे शाळेच्या वहीएवढा, रबरी बटणांचा. पुरणपोळीच्या रेसिपीला गुळपोळीचा फोटो लावला असता तर तुमच्या ऑफिसात दिवसभर फोन वाजले असते की नाही? पण कॉम्प्युटर म्हटलं की चालतंय, कोण बघतंय.

दुसरी गोष्ट जास्त लागली. आपले प्रतिनिधी लिहितात की स्पेक्ट्रम नेक्स्ट (त्याच मशीनचा हल्लीचा नवा अवतार) म्हणजे "जुन्या डब्यात बसवलेला एमुलेटर" आणि ते नवीन हार्डवेअर वगैरे सगळा "आठवणींचा बाजार". अहो, एमुलेटर माझ्या मोबाईलवर आहे, फुकट आहे, त्यासाठी कुणी पैसे कशाला देईल? एमुलेटर म्हणजे सॉफ्टवेअरनं केलेली नक्कल. नेक्स्टमध्ये एफपीजीए आहे, म्हणजे चिपच्या आत खरोखरचं सर्किट जुळवलेलं आहे. आणि गंमत अशी की मूळ स्पेक्ट्रममधली प्रोसेसरखालोखाल महत्त्वाची, पडद्यावरचं चित्र काढणारी चिपसुद्धा याच जातीची होती. फेरांटी कंपनीची यूएलए, अनकमिटेड लॉजिक अ‍ॅरे. कारखान्यात गेट्स, म्हणजे हो-नाही ठरवणारी बारकी सर्किटं, आधीच तयार, पण एकमेकांना न जोडलेली, आणि वरचा धातूचा थर गिऱ्हाईक सांगेल तसा. एफपीजीए ही तिचीच नात समजा, फक्त हिचं जोडकाम पाहिजे तितक्या वेळा बदलता येतं. आता आजीला खरी म्हणायचं आणि नातीला नकली, हे कुठलं शास्त्र?

आणि "सिंक्लेअर कंपनीने पुन्हा बाजारात आणला" हे तर वाचून हसावं की रडावं. सिंक्लेअरनं कॉम्प्युटरचा धंदा १९८६ सालीच अ‍ॅमस्ट्रॅडला ५० लाख पौंडांना विकून टाकला. कंपनीचे संस्थापक सर क्लाइव्ह सिंक्लेअर २०२१ मध्ये गेले. नेक्स्ट केला तो हौशी इंजिनियर मंडळींनी, त्यातले बरेचसे ब्राझीलचे, २०१७ मध्ये लोकांकडनं आगाऊ पैसे गोळा करून. मागितले होते अडीच लाख पौंड, जमले ७ लाख २३ हजार. त्याची केस काढली रिक डिकिन्सननं, ज्यानं १९८२च्या मूळ स्पेक्ट्रमचीही काढली होती, आणि तो बिचारा २०१८ मध्ये गेला, मशीन लोकांच्या हातात पडलेलं बघायला राहिला नाही. जानेवारी २०१८ चा वायदा होता, मशीनं मिळाली २०२० मध्ये, कारण कीबोर्ड मनासारखा होईना. आठवणींचा बाजारच मांडायचा असता तर कीबोर्डपायी कुणी दोन वर्षं शिव्या खाल्ल्या असत्या का? यातलं एक अक्षर तुमच्या लेखात नाही. नॉस्टॅल्जिया हा शब्द मात्र मी मोजला, अकरा वेळा आहे.

पण मी पत्र लिहायला बसलो ते एका वाक्यामुळे. "हौशींना आता सगळे सुटे भाग घरबसल्या मिळतात." हे वाक्य ज्यांनी लिहिलं त्यांना माझी विनंती आहे की त्यांनी एकदा माझ्याबरोबर पुण्याच्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, यावं, चहा माझ्याकडून.

माझ्याकडे मूळ ४८केचा, म्हणजे ४८ किलोबाइट मेमरीचा, स्पेक्ट्रम आहे. १९८४ मध्ये मामांनी लंडनहून आणला, मुंबईच्या सहार विमानतळावर कस्टमवाल्यानं विचारलं हे काय, मामा म्हणाले भाच्याचा कॅल्क्युलेटर, त्यानं रबरी बटणं दोनदा दाबून बघितली आणि जा म्हणाला. घरी आणला तर टीव्हीला लागेना. स्पेक्ट्रमचा सिग्नल यूएचएफ लहरींचा आणि आमचा ब्लॅक अँड व्हाईट टीव्ही दूरदर्शनपुरता, व्हीएचएफ लहरीच पकडणारा. शेवटी चौकातल्या टीव्ही मेकॅनिकनं स्पेक्ट्रममधला मॉड्युलेटर, म्हणजे टीव्हीसाठी सिग्नल बनवणारी डबी, उघडला, आतनं थेट व्हिडिओची तार काढली आणि टीव्हीच्या पोटात नेऊन जोडली (आज माझ्या नातवानं असलं काही केलं तर मीच ओरडेन, त्या टीव्हीच्या आतल्या सांगाड्यातच वीज खेळायची). म्हणजे बघा, या मशीनला नवीन हार्डवेअर करायची सुरुवात आमच्याकडे पहिल्याच दिवशी झाली. नंतर १९८६ मध्ये डेसिबेल्स कंपनीनं स्पेक्ट्रम प्लस भारतातच आणला, माझ्या एका मित्राकडे होता, त्याला कडक बटणं होती म्हणून तो जरा भाव खायचा.

तर १९८७च्या मे महिन्यात मावसभाऊ राहायला आला होता. मशीन चालू असताना त्यानं मागचा जॉयस्टिकचा इंटरफेस उपटला. नुसता उपटला, खेळून झालं म्हणून. स्क्रीनवर उभे पट्टे आले आणि संपलं. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे, मशीनमधला टीआर४ नावाचा ट्रान्झिस्टर जातो आणि जाताना मेमरीच्या पहिल्या १६केच्या रॅम चिपा घेऊन जातो. त्या ४११६ नावाच्या आठ चिपा, त्यांना तीन तीन व्होल्टेज लागतात, अधिक पाच, अधिक बारा आणि उणे पाच. त्यातलं उणे पाच गेलं की उरलेल्या व्होल्टेजनी चिप भाजून निघते. बाबा मला घेऊन दोनदा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला गेले, पुण्याहून, सिंहगडनं, जनरलच्या डब्यात. पहिल्या खेपेला आणलेल्यातल्या दोन चिपा मुळातच मेलेल्या निघाल्या. दिवाळीत मशीन परत चालू झालं. मावसभाऊ आता साठीला आलाय, अजून म्हणतो मी हात लावला नव्हता.

रिटायर झाल्यावर मी त्याच दुखण्यावर एक छोटं बोर्ड करायला घेतलं. आठ ४११६ काढायच्या आणि त्यांच्या जागी एकच स्टॅटिक रॅम, फक्त पाच व्होल्टवर चालणारी, म्हणजे टीआर४ राहो नाहीतर जावो. असली बोर्डं परदेशात मिळतात, मी काही शोध लावलेला नाही, पण मला माझं स्वतःचं करायचं होतं. अडचण अशी की ४११६ला मेमरीतल्या जागेचा पत्ता दोन हप्त्यांत येतो, आधी ओळ मग स्तंभ, सात सात तारांवरनं, आणि स्टॅटिक रॅमला सगळा पत्ता एकरकमी लागतो. म्हणून पहिला हप्ता धरून ठेवायला मध्ये लॅच नावाची एक चिप टाकायची. कागदावर एका संध्याकाळी झालं. प्रत्यक्षात टायमिंग जुळवायला चार महिने गेले, कारण त्याच रॅममधनं यूएलए स्क्रीनसाठी वाचत असते आणि तिला थांबवता येत नाही, ती प्रोसेसरलाच थांबवते.

मग बाहेरनं पाच पीसीबी (चिपा बसवायच्या कोऱ्या पाट्या), थोड्या चिपा आणि स्पेक्ट्रमच्या मागच्या कडेला टेस्ट कार्ड लावायला चार एज कनेक्टर मागवले. सगळं मिळून दीडशे ग्रॅमचं पाकीट. डिक्लरेशनवर मी भाबडेपणानं खरं लिहिलं, "पार्ट्स फॉर होम कॉम्प्युटर, १९८२". झालं! कुरियरवाल्यांचा मेल, कॉम्प्युटर आहे, परवानगीचा कागद द्या. मी कळवलं कॉम्प्युटर नाही, सुटे भाग आहेत. त्यांचा मेल, कॉम्प्युटरचं मॉडेल आणि ब्रँड द्या. दिलं. मेल आला, सदर ब्रँड आमच्या यादीत नाही. तीन आठवडे हे चाललं होतं, केवायसी चार वेळा पाठवली, एकदा तर त्यांनी मालाचा "अंतिम वापर" विचारला, मी लिहिलं म्हातारपण. १९८४ मध्ये अख्खा कॉम्प्युटर कॅल्क्युलेटर म्हणून सुटला आणि आता त्याचा कनेक्टर कॉम्प्युटर म्हणून अडकला.

शेवटी तपकीर गल्ली. काउंटरवरच्या पोरानं फोनवर फोटो मोठा करून बघितला आणि म्हणाला, काका, हे म्युझियममध्ये विचारा. आतनं त्याचे वडील आले, त्यांनी काही न बोलता माळ्यावरनं एक डबा काढला, त्यात जुन्या पीसीच्या मदरबोर्डवरचे, कार्डं खोचायचे आयएसए स्लॉट, ६२ पिनांचे, कोरे. म्हणाले कापून घ्या. आणि खरंच, पिनांमधलं अंतर तेच, २.५४ मिलिमीटर. घरी येऊन हॅकसॉच्या पात्यानं एका बाजूला ३१ घरं होती त्याची २८ केली, पाचव्या घरातल्या दोन्ही पिना पक्कडीनं ओढून काढल्या आणि तिथे जुन्या एटीएम कार्डाचा तुकडा कापून चिकटवला, स्पेक्ट्रमच्या बोर्डाला तिथे असलेली खाच जुळायला. तो तुकडा नसेल तर कनेक्टर एक घर सरकू शकतो, आणि स्पेक्ट्रमच्या मागे पाच व्होल्ट आणि नऊ व्होल्ट शेजारी शेजारी राहतात. एका घराची चूक झाली की पुन्हा १९८७.

याला घरबसल्या म्हणतात होय?

लेखात आणखी एक वाक्य आहे की "भारतात घराघरांत संगणक पोचला तो विंडोज आल्यावर". घराघरांत म्हणाल तर ठीक, पण १९८४च्या सरकारी क्लास योजनेत निवडक शाळांमध्ये बीबीसी मायक्रो नावाचे कॉम्प्युटर आले होते, तेही इंग्लंडचेच, आणि चपला बाहेर काढून त्या खोलीत जावं लागायचं हे ज्यांनी अनुभवलंय ते अजून हयात आहेत. निदान फोन तरी करायचा एखाद्याला.

राग व्यक्तीवर नाही. प्रतिनिधी तरुण असतील, डेडलाईन असेल, मला समजतं. पण ज्या झेड८० प्रोसेसरवर हे सगळं उभं आहे तो झायलॉग कंपनीनं १९७६ पासून विकला आणि २०२४च्या जूनमध्ये शेवटच्या ऑर्डरी घेऊन बंद केला, अठ्ठेचाळीस वर्षं! ती बातमी तुमच्याकडे एक ओळ आली नाही, मी रोज बघत होतो. त्याच आठवड्यात कुठल्याशा मोबाईलच्या नव्या रंगाला अर्धं पान होतं.

माझं बोर्ड चालू झालं का, तर हो, परवा रात्री. काळा पडदा आला, मग पांढरा, आणि खाली ती सिंक्लेअरची १९८२ची ओळ. तासभर चालू ठेवून रॅमवर हात ठेवून बघितला, गार. पाकीट अजून कुरियरवाल्यांच्याच गोडाऊनमध्ये आहे, आता त्यांनी गोदामभाडं लावलंय.

चुकीच्या फोटोबद्दल येत्या रविवारी दोन ओळींची दुरुस्ती छापावी ही विनंती. जिथे लेख होता तिथेच, छोट्या जाहिरातींच्या पानावर नको.

आपला,
एक जुना वर्गणीदार,
सदाशिव पेठ, पुणे ३०

ता.क. शनिवारच्या शब्दकोड्यात उभे ७ला चार घरं आहेत आणि तुमचं उत्तर पाच अक्षरी आहे. हे या महिन्यात दुसऱ्यांदा झालं. ही विचारते आहे की पाचवं अक्षर कुठे लिहायचं.