बुधवारपर्यंत आईला सांग

डिचोली, रविवार

चि. बाय हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

गणपतीची चवथ आटोपून पुण्याला परत जाताना, म्हापशाच्या बसस्टँडवर गाडीत चढता चढता तू ॲपवरून घेतलेल्या कर्जाचे सांगितलेस आणि मी सगळ्यांसमक्ष आवाज चढवला, याची रुखरुख लागून राहिली आहे. पैशांचा विषय पत्रात काढायचा नाही असे ठरवले होते. पण काल रात्री कॅलेंडरच्या पाठीवर आकडेमोड केली आणि राहवले नाही. त्या ॲपने कर्ज ५,००० लिहिले, आधीच ८०० कापून खात्यात ४,२०० टाकले आणि पंधराव्या दिवशी पूर्ण ५,००० मागितले, म्हणजे वर्षाचे व्याज शेकडा साडेचारशेच्या वर गेले. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे हा वार्षिक दर आधी लिहून दाखवावा लागतो. दाखवला असेल तर तू वाचला नाहीस, आणि दाखवला नसेल तर तेवढ्यावरूनच ओळखायला हवे होते.

दर ५ तारखेला पैसे पोचले की खोलीभाडे आणि खानावळ त्याच दिवशी चुकती कर. उरलेल्यांचे चार आठवडे पाड. परीक्षेचा अर्ज अचानक येत नसतो, दर सहा महिन्यांनी येतो, तेव्हा त्यासाठी दरमहा ३०० वेगळे ठेवता येतील. पुन्हा भाषणच झाले. राग मानू नकोस. कमी पडले याचे मला काही नाही, तू विचारले नाहीस याचे वाटते.

१० सप्टेंबर २०१२ रोजी सरकारने खाणी थांबवल्या, तेव्हा चवथ नऊ दिवसांवर होती आणि आपला खनिज वाहणारा ट्रक अंगणात उभा राहिला. बँकेचा पहिला थकलेला हप्ता मी आईला न सांगता उसने घेऊन भरला, आणि ते उसने फेडायला दुसरीकडे हात पसरला. पुढच्या चवथीला ती स्टुलावर उभी राहून गणपतीच्या वरची फळांची माटोळी बांधत असताना एक जण दारात वसुलीला आला. हातातले सुपारीचे शिपटे तिने नीट बांधले, गाठ ओढून पाहिली, खाली उतरली आणि आत गेली. तिच्या हातातल्या पाटल्यांचे तुला ठाऊकच आहे. त्या गेल्याचे ती कधी बोलली नाही. लपवल्याचे मात्र अजून बोलते.

शिकवणीच्या पहिल्या कमाईतली जी ५०० ची नोट तू तिला दिलीस, ती अजून तांदळाच्या डब्यात आहे. शेजारच्या काकींना दोनदा दाखवून झाली.

आज तुझ्या खात्यात ५,००० टाकले आहेत. मुदत मंगळवारची असली तरी उद्याच फेड, कर्ज बंद झाल्याचे लेखी घे आणि मगच ते ॲप काढ. विचारायला लाजू नकोस, हे पुन्हा लिहितो आहे हे मला कळते. आईला मी काही बोललेलो नाही, आणि तिच्यापासून दुसऱ्यांदा काही लपवणे मला जमायचे नाही. म्हणून बुधवारपर्यंत तूच तिला फोन कर.

तुझे
बाबा