ताई, तू मला काही विचारलं नाहीस

प्रिय ताई,

हे पत्र तुला एकटीला पाठवता आलं असतं. सगळ्यांसमोर लिहिते आहे, कारण शाळा बदलून आलेल्या खेळाडूला कबड्डीच्या संघात कसं घ्यायचं हे तू करून दाखवलंस, आणि ते इतर कर्णधारांपर्यंत पोचावं असं मला फार वाटतं.

घर बदललं म्हणून शाळा बदलली. मला कुणी विचारून हे ठरलं नव्हतं. पण जुन्या गल्लीतल्या मैत्रिणी म्हणायला लागल्या, "आता काय, तू त्यांची!" आणि इकडे जुन्या संघाचा टी-शर्ट घालून सरावाला आले की कुजबुज व्हायची, "ही अजून तिकडचीच." दोन्हीकडे एकच प्रश्न, तू नक्की कुणाची? माझ्याकडे त्याचं एका शब्दात उत्तर नव्हतं. आजही नाही. तू त्या टी-शर्टबद्दल चकार शब्द काढला नाहीस. मला डाव्या कॉर्नरला, म्हणजे बचावाच्या डाव्या टोकाला उभं केलंस, शेजारी स्वतः उभी राहिलीस आणि विचारलंस, "साखळीत हात कसा धरू? मनगट की बोटं?"

कबड्डी न खेळणाऱ्याला यात काय मोठं, असं वाटेल. पण चढाई असते 30 सेकंदांची. त्यात बचावातल्या दोघींना बोलून काही ठरवता येत नाही, कारण समोरची ते ऐकतच असते. जे सांगायचं ते हातातून. माझा हात इतकी वर्षं एकाच मैत्रिणीच्या हातात होता. तिची बोटं आवळली की माझं पाऊल आपोआप पुढे पडायचं. तो हात सुटल्यावर कॉर्नरला उभं राहणंच मला नकोसं झालं होतं. तू तुझी सवय माझ्यावर लादली नाहीस, माझी विचारून घेतलीस.

मग जुन्या शाळेशी सामना ठरला. सरांनी सगळ्यांना गोल बसवलं आणि विचारलं, "त्यांच्यात कोण दुखापतीतून उठलंय?" सगळ्यांच्या नजरा माझ्यावर. मला माहीत होतं. माझ्या त्याच मैत्रिणीचा डावा गुडघा दुखावला होता आणि तिने ते मला, फक्त मला, सांगितलं होतं. मी तोंड उघडण्याआधीच तू म्हणालीस, "सर, ते आपण सामन्यात बघू. हिला यात नको ओढायला." सरांना ते आवडलं नाही, हे तुलाही दिसलं असणार. पण तू मागे हटली नाहीस.

नंतर मैदान झाडताना तू मला जे सांगितलंस ते मी वहीत लिहून ठेवलंय. "खेळता खेळता तुझ्या डोळ्यांना जे दिसलं, अंगात जे मुरलं, ते तुझं. ते बिनधास्त वापर. विश्वासाने कानात सांगितलेलं मात्र तिचं. ते तिचंच राहू दे." निष्ठा कुणाशी ठेवायची यावर मी रात्ररात्र डोकं शिणवलं होतं. ती अशी वाटून ठेवता येते, हे मला सुचलंच नव्हतं.

त्याच दिवशी तू मोबाइलवर एक फोटो दाखवलास. 2016 च्या युरो फुटबॉल स्पर्धेत ग्रॅनिट झाका स्वित्झर्लंडकडून आणि त्याचा सख्खा भाऊ तौलांत अल्बेनियाकडून समोरासमोर खेळले. त्यांची आई प्रेक्षकांत होती, अंगात अर्धा एका देशाचा, अर्धा दुसऱ्या देशाचा झेंडा असलेला टी-शर्ट. मी तुला फुटबॉलपटू डेनिस लॉची गोष्ट सांगितली. मँचेस्टर युनायटेडकडून अकरा वर्षं खेळलेल्या लॉने 1974 मध्ये मँचेस्टर सिटीकडून त्यांच्याचविरुद्ध टाचेने गोल केला आणि आनंद म्हणून हातही वर केला नाही. तू म्हणालीस, "तुला ओरडावंसं वाटलं तर ओरड, नाही वाटलं तर नको. पण पकड अर्धवट करू नकोस. तो तिचाच अपमान."

सामन्यात ती चढाईला आली. बोनस, म्हणजे बोनस रेषेपलीकडे पाय टाकून मिळणारा जादा गुण, घ्यायच्या आधी ती उजवा खांदा जरासा पाडते, हे मला तिच्याबरोबर खेळूनच ठाऊक. खांदा पडला, उजवा पाय बोनस रेषेकडे आला आणि मी घोटा धरला. पूर्ण ताकदीने. मागून तू आलीस. मी ओरडले नाही. तू माझ्या पाठीवर थाप मारलीस आणि तिला उठायला हात दिलास.

सामना आपण थोडक्यात हरलो. शेवटी शेवटी ती दमली होती, डावा पाय जपत होती आणि ते फक्त मलाच कळत होतं. गुडघ्याचं आधी बोलले असते तर निकाल कदाचित वेगळा लागला असता. काहीतरी मी दडवतेय, हे तुला नक्कीच कळलं होतं. तरी सामन्यानंतर एका शब्दाने तू ते काढलं नाहीस. उलट म्हणालीस, "जा, त्यांच्यात जाऊन बस थोडा वेळ, आम्ही थांबतो." आणि सगळ्या संघाला खरंच थांबवलंस.

परवा मी मैत्रिणीला त्या दिवशीची सगळी बैठक सांगितली. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, माझेही आभार लिही. म्हणून हे आभार दोघींचे समज. तिचा गुडघा आता बरा आहे, आणि तुला एकदा भेटायचंय म्हणते. रविवारी सराव संपल्यावर तिला घेऊन येऊ का?

तुझी,
डावा कॉर्नर