मामांच्या वहीतली हजेरी

मामा,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुम्हाला आवडणार नाही, हे मला ठाऊक आहे. चारचौघांत कुणी कौतुक करायला लागलं की तुम्हाला नेमकं शाळेतलं कुठलं तरी कुलूप तपासायचं असतं. पण माझी चूक चारचौघांत झाली, तेव्हा ती निस्तरायचीही तिथेच.

वर्षअखेरच्या ऑनलाइन सभेत आभार मानायचं काम माझ्याकडे होतं. मुख्याध्यापक, पालक, सगळे वर्गशिक्षक, संगणकाचे सर, इतकंच काय, दर ४० मिनिटांनी आम्हाला बाहेर काढणाऱ्या त्या फुकटच्या ॲपचेही मी हसत हसत आभार मानले. शाळेच्या शिपाईमामांचं, म्हणजे तुमचंच, नाव राहिलं. आणि तेव्हा तुम्ही माझ्यापासून चार पावलांवर, कॅमेऱ्याच्या मागे, लॅपटॉपखाली रचलेले वह्यांचे गठ्ठे सरकू नयेत म्हणून ते धरून उभे होतात. घरी गेल्यावर लक्षात आलं. त्यानंतर झोप कसली लागते!

११ मार्च २०२० ला जागतिक आरोग्य संघटनेने कोरोना ही महामारी असल्याचं जाहीर केलं आणि पुढच्या काही दिवसांतच आपलं फाटक बंद झालं. दोन आठवड्यांचा तर प्रश्न, असं म्हणून मी टेबलावरचं पुस्तकही मिटलं नव्हतं. युनेस्कोच्या नोंदीप्रमाणे त्या एप्रिलमध्ये १९० हून जास्त देशांतली दीडशे कोटींपेक्षा अधिक मुलं शाळेबाहेर होती. एवढी मोठी संख्या वाचून मनात काही हलत नाही. हललं ते तुमच्या एका वाक्याने.

माझ्या वर्गाच्या पटावर ४२ मुलं. पडद्यावर ३० चौकोन दिसले तरी मी खूश असायचे. उरलेल्यांपुढे 'गैरहजर' लिहायचे आणि पुढे जायचे. एका मुलीच्या नावापुढे मी तो शब्द सलग १९ दिवस लिहिला. हुशार मुलगी, पण पालकांना गांभीर्य नाही, असं शिक्षकांच्या बैठकीत बोलूनही दाखवलं. तुम्ही तिथे पाणी ठेवायला आला होतात. बैठक संपल्यावर जिन्यात मला थांबवून म्हणालात, "बाई, त्यांच्याकडे फोन एकच. तो वडलांबरोबर कामावर जातो. सातनंतर घरी येतो." फोन घरी येतो! एखाद्या माणसाबद्दल बोलावं तसं बोललात.

मग तुम्ही खिशातून ती वही काढलीत. मामा, शाळेतल्या माझ्या नोकरीत मी इतकी उपयोगाची वही दुसरी पाहिलेली नाही. नाव, त्यापुढे फोन कुणाचा, तो घरी केव्हा असतो, रिचार्ज कधी संपतो, घरात वाचून दाखवणारं कोण आहे, कागद न्यायला कोण येऊ शकेल. हे सगळं तुम्ही फाटकाशी उभं राहून, पोषाखी प्रश्नावली न भरता, नुसत्या गप्पांतून गोळा केलं होतं. माझ्या हजेरीपटात फक्त 'ह' आणि 'गै' होते.

त्या वहीमुळे आमचा साडेसातचा तास सुरू झाला. ज्यांच्याकडे फोन येतच नव्हता, त्यांच्यासाठी सोमवारच्या झेरॉक्स सुरू झाल्या. फक्कीने सहा-सहा फुटांवर आखलेले गोल, टेबलावर सॅनिटायझर, आणि तोंडावरचा मास्क सारखा नाकाखाली घसरणारे तुम्ही. (त्यावरून मी तुम्हाला किती वेळा ओरडले. त्याबद्दल माफी मागणार नाही.) मुलांनी सोडवून आणलेले कागद तुम्ही तीन दिवस वेगळ्या खोक्यात ठेवायचात आणि मगच माझ्या हाती द्यायचात, कारण प्लॅस्टिकवर विषाणू तीन दिवसांपर्यंत टिकू शकतो हे प्रयोगात दिसलेलं तुम्ही ऐकलं होतं. पुढे कळलं की खरा धोका मुख्यतः हवेतून, कागदातून फारच थोडा. तुम्हाला ते सांगितलं तर म्हणालात, "बरं झालं, कागद सुटले." खिडक्या मात्र त्या दिवसापासून सगळ्या सताड उघड्या.

ऑगस्ट २०२० मध्ये युनिसेफचा अहवाल आला. शाळा बंद असताना जगातल्या किमान ४६ कोटी ३० लाख मुलांपर्यंत दूरचं शिक्षण पोचूच शकत नव्हतं, म्हणजे दर तीन मुलांमागे जवळजवळ एक. वृत्तपत्रात ते वाचताना मला पहिल्यांदा हिशोब आपल्या वर्गाशी जुळताना दिसला. फरक इतकाच की ही मुलं कोण, हे तुम्ही अहवालाच्या कितीतरी आधी पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं.

आता वर्ष संपलं. परीक्षा नाही, स्नेहसंमेलन नाही, सगळे वरच्या वर्गात. पालक प्रगतिपुस्तकं न्यायला आले तेव्हा प्रत्येकाला तुम्ही एक पिशवी दिलीत, तीही मी तुम्हाला सांगितलेली नव्हती. बाकांच्या कप्प्यांत त्या मार्चमध्ये राहून गेलेल्या वस्तू. कंपासपेट्या, अर्धी झिजलेली खोडरबरं, एक स्वेटर, एकाच पायाचा बूट. सगळं पुसून, नाव-क्रमांकाची चिठ्ठी लावून. ज्याचा स्वेटर होता त्याने तिथेच घालून पाहिला. बाह्या कोपरापर्यंतच आल्या. वर्षभर पडद्यावर मला त्या मुलाचा फक्त चेहरा दिसला होता. तो केवढा वाढला, ते त्या बाह्यांनी सांगितलं. मी आत जाऊन चष्मा पुसत बसले. माझ्या टेबलावर माझं ते उघडं पुस्तक होतं, त्याच पानावर, मध्ये खूण घातलेलं.

मामा, आभार या शब्दाने हे फिटत नाही, तरी तो लिहिते. मनापासून आभार. माझे, त्या साडेसातच्या तासाच्या मुलांचे, आणि जिच्या नावापुढचे १९ 'गैरहजर' मी नंतर स्वतः खोडले, तिचेही.

वही तुम्ही पुढच्या वर्गाच्या बाईंना द्यायला माझ्याकडे ठेवली आहे. मी ती रात्री उतरवून घेतली. शेवटून तिसऱ्या नावापुढे तेवढं कोरं आहे. तो मुलगा डिसेंबरपासून ना पडद्यावर दिसला, ना फाटकावर. नंबरही लागत नाही. त्याची पिशवी कपाटात वरच्या कप्प्यात ठेवली आहे, असं तुम्ही म्हणालात. कपाट सुट्टीत रिकामं करायचं ठरतंय. वरच्या कप्प्याला हात लावायचा नाही, हे मी ऑफिसात सांगून आले आहे.

तुमची,
सहावीच्या बाई