बर्फीला जोडीदार आणायचा का

मनू बेटा,

तुझा काल रात्रीचा मेसेज वाचला, दिवाळीत बर्फीसाठी जे मांजरीचं पिल्लू आणायचं म्हणतेस त्याचे फोटो पण पाहिले, गोड आहे त्यात वादच नाही, पण नुसतं हो किंवा नाही टाइप करून मोकळं व्हायची ही गोष्ट नाही म्हणून सकाळपासून बसून लिहून राहिलो. आई बाजूला मेथी निवडत बसली आहे आणि मधे मधे बोलते आहे, तिचं पण यात आलं असं समज.

तुझं म्हणणं की तू जानेवारीत पुण्याला गेली तेव्हापासून बर्फी एकटी पडली, रात्री ओरडते, पोट चाटून चाटून केस काढले, म्हणून तिला सोबत पाहिजे. मला पण आधी तसंच वाटलं होतं. पण जरा महिने जुळवून पाहा नं. तू गेल्यावर ती चार-पाच दिवस तुझ्या खोलीच्या दाराशी बसली, मग आपली ठीक झाली, फेब्रुवारी-मार्चमध्ये काहीच कुरकुर नव्हती. चाटणं सुरू झालं एप्रिलमध्ये. म्हणजे तीन महिने उशिरा आठवण आली का तिला तुझी?

सेमिनरी हिल्सला व्हेटर्नरी कॉलेजच्या दवाखान्यात नेलं होतं ते तुला माहीतच आहे. डॉक्टरांनी पिसवा पाहिल्या, कातडी पाहिली, लघवी तपासायला दिली, कारण म्हणे मूत्राशयात दुखत असलं तरी मांजर पोटच चाटत बसतं. सगळं नॉर्मल निघालं. मग त्यांनी विचारलं घरात काय बदललं, मी म्हणलं मुलगी पुण्याला गेली, ते म्हणाले ते जानेवारीत नं, एप्रिलमध्ये काय झालं ते सांगा. मी म्हणलं काहीच नाही बुवा.

आणि घरी येऊन पाहतो तर ही बाई सोफ्याच्या हातावर बसून कूलरकडे टक लावून पाहून राहिली. कूलर बंद होता हं, हवा खायला नव्हती बसली. तेव्हा माझी ट्यूब पेटली. पाडवा झाल्यावर मी माळ्यावरून कूलर काढला, ताट्या बदलल्या, नवा वाळा भरून आणला आणि दरवर्षीसारखा हॉलच्या खिडकीत बसवला. ती खिडकी बर्फीची होती ग. तिथून तिला कडुलिंबाच्या खारी दिसायच्या, साडेदहाला पोळी खायला येणारी गाय दिसायची, तुझी आई भाजीवाल्याशी भांडताना दिसायची. ते सगळं एका दिवसात बंद, आणि त्या जागी घरघर करणारा पत्र्याचा डबा. मागच्या दोन उन्हाळ्यांत तुझ्या खोलीची खिडकी उघडी असायची म्हणून आपल्या लक्षात आलं नाही, आता ती खोली बंद असते.

मग बेडरूमच्या खिडकीला तुझ्या जुन्या अभ्यासाच्या टेबलाची फळी ठोकली, दोन लोखंडी अँगल लावून, वर गोणपाट. चार दिवस तिनं ढुंकून पाहिलं नाही, पाचव्या दिवशी दुपारी तिथं पसरलेली. आता तीन आठवडे झाले, पोटावर बारीक लव आली आहे, हात फिरवला की कळते. रात्रीचं ओरडणं पूर्ण नाही गेलं, पण झोपायच्या आधी मी पायजम्याची नाडी घेऊन दहा मिनिटं तिला पळवतो आणि मग लगेच जेवण देतो, त्या दिवशी ती शांत असते. शिकार, मग जेवण, मग अंग चाटणं, मग झोप, असा त्यांचा क्रम असतो म्हणे. दिवसभर झोपते म्हणून तू काळजी नको करू, चौदा-पंधरा तास झोपणं त्यांच्यात आळस धरत नाहीत.

आता तुला न सांगितलेली गोष्ट. मे महिन्यात शेजारच्या काकूंनी स्कूटरखाली सापडलेलं एक पिल्लू आणून दिलं, आणि मी शहाणा, तुझंच ऐकून, ते सरळ हॉलमध्ये बर्फीपुढे ठेवलं. म्हणलं खेळतील. बर्फी अशी फुगली की दुप्पट दिसत होती, मग जी दिवाणाखाली गेली ती दीड दिवस बाहेर नाही, आणि आली ती सरळ आईच्या घडी केलेल्या सुती साड्यांवर मुतली. आई अजून बोलते. डॉक्टरांनी तर मला शाळेतल्या पोरासारखं झापलं. म्हणाले रस्त्यावरच्या पिल्लाला पॅनल्यूकोपेनिया, म्हणजे मांजरींचा जीवघेणा विषाणूचा आजार, असू शकतो, तो विषाणू घरात वर्षभरही टिकतो, बर्फीचं लसीकरण झालेलं होतं म्हणून वाचले तुम्ही. पिल्लू आता पलीकडच्या गल्लीत एका घरी मजेत आहे.

त्यांनीच समजावलं की मांजर कुत्र्यासारखं कळपातलं जनावर नाही. मूळ आफ्रिकेकडचं रानमांजर, एकट्यानं शिकार करणारं, आणि उंदीर तो केवढा, त्यात वाटा कोणाला देणार? मच्छी बाजाराच्या मागे मांजरींचा घोळका दिसतो खरा, पण तिथं खायला भरपूर असतं आणि बहुतेक मायलेकी, बहिणी असतात. दोन सख्खी पिल्लं एकदमच आणली असती तर गोष्ट वेगळी होती, आपण बर्फीला एकटीच आणली आणि आता ती चार वर्षांची आहे.

तरी म्हणशील की नीट पद्धतीनं केलं तर जमतं. जमतं, मी नाही कुठं म्हणतो. नव्याला वेगळ्या खोलीत ठेवायचं, एकाचं फडकं दुसऱ्याच्या जागी टाकून आधी वास ओळखीचा करायचा, बंद दाराच्या दोन बाजूंना जेवण द्यायचं, मग फटीतून दाखवायचं, यात काही आठवडे, कधी महिने जातात. शी-शूचे ट्रे पण तीन लागतात, मांजरींपेक्षा एक जास्त, आणि वेगवेगळ्या जागी, कारण भांडणारी मांजर दरवेळी ओरबाडतच नाही, नुसती दारात बसून दुसरीची वाट अडवते आणि आपल्याला वाटतं किती शांत आहेत.

पण वेगळी खोली कोणती ते सांग. नागपूरचा मे तुला माहीत आहे, 45 च्या वर पारा गेला की आपण तिघंही, बर्फी धरून, हॉलमध्ये कूलरपुढे गाद्या टाकून झोपतो. थंड खोली घरात एकच. दोघींचं पटलं नाही तर कोणाला तापलेल्या बेडरूममध्ये कोंडू? बर्फीला नाही कोंडणार, आणि पाहुण्याला कोंडायला तुझी आई तयार नाही.

वयाचं पण बोलतो, राग नको मानू. मी चौसष्टचा. घरातली मांजर पंधरा वर्षं सहज जगते, म्हणजे आज आणलेलं पिल्लू म्हातारं होईल तेव्हा मी एकोणऐंशीचा. बर्फीचं मी निभावून नेईन. दुसरीचं तुझ्या भरवशावर असेल तर तसं स्पष्ट सांग, मग पुण्यातच ठेव, तुझ्या फ्लॅटमध्ये, माझी ना नाही.

तर दिवाळीत पिल्लू आणू नको. मृग लागला पण पावसाचा पत्ता नाही, दोन-चार सरी चांगल्या पडल्या की कूलर काढतो आणि तिची खिडकी तिला परत देतो. फळी मात्र राहू देणार आहे, पुढच्या वर्षीसाठी. येताना ती पिसं लावलेली काडी मिळते नं ती आण, माझी नाडी तिनं अर्धी चावून टाकली आहे. आणि आई म्हणते डब्यांची तीन झाकणं तुझ्याकडे आहेत, ती पण.

बाबा