लेकीच्या गाडीला ड्रिलची बॅटरी बसवून देणाऱ्या ताईंना

ताई,
सप्रेम नमस्कार.

लेकीची गाडी पुन्हा धावू लागली, हे तुम्हाला फोनवर सांगितलंच. पण तुम्ही केलेलं काम फोनवरच्या दोन वाक्यांत मावणारं नाही. शिवाय बसून चालवायच्या खेळण्याच्या गाडीला ड्रिलची बॅटरी लावावी, असं मनात असलेले आईबाप पुष्कळ आहेत. त्यांनाही हे कळावं, म्हणून चारचौघांत आभार मानतोय.

माझी मागणी अगदी सरळ होती. गाडीची १२ व्होल्टची बॅटरी थकली होती. रात्रभर चार्जिंगला लावली तरी थोड्याच वेळात गाडी मलूल व्हायची. घरात ड्रिलचे १८ व्होल्टचे पॅक पडून होते, त्यातला एक जोडून द्या, एवढंच म्हणणं. तुम्ही पॅक उलटसुलट करून पाहिलात आणि म्हणालात, “जोडून देईन, पण थेट नाही. आधी गाडी उघडू.”

माझे पहिले आभार या वाक्याचे. वायरला वायर जोडणं तुमच्यासाठी पाच मिनिटांचं काम होतं आणि मी खूश होऊन घरी गेलो असतो. तुम्ही तसं केलं नाहीत.

जुनी बॅटरी का बसली, तेही नीट समजावलंत. तिच्यावर लिहिलेले ७ अँपिअर-तास वीस तास सावकाश वापरल्यावर मिळतात, म्हणजे एका वेळी जेमतेम ०.३५ अँपिअर. गाडीच्या मोटर चढावर याच्या कितीतरी पट करंट ओढतात, तेव्हा त्यातला बराचसा भाग हाती लागतच नाही. त्यात उतरलेली लेड-ॲसिड बॅटरी तशीच पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट धरतं, मग चार्जर कितीही वेळ लावा. कागदावर १२ गुणिले ७ म्हणजे ८४ वॉट-तास आणि माझा ५ अँपिअर-तासांचा पॅक ९० वॉट-तासांचा, म्हणजे फरक किरकोळच. पण लिथियमचा पॅक मोठ्या करंटलाही त्यातलं बहुतेक सगळं देतो, आणि वजन दोन किलोंवरून पाऊण किलोच्या आसपास येतं.

मग तुम्ही सीटखालचा कंट्रोल बोर्ड काढून माझ्यासमोर धरलात. त्यावरच्या कपॅसिटर नावाच्या भागावर बारीक अक्षरांत १६ व्होल्ट लिहिलेलं होतं, म्हणजे त्याहून जास्त व्होल्टेज त्याला सोसणार नाही. पॅकमध्ये पाच सेल एकापुढे एक जोडलेले, पूर्ण चार्ज झाल्यावर प्रत्येकी ४.२, म्हणजे २१ व्होल्ट. १८ हा नेहमीच्या वापरातला आकडा, आणि काही पॅकवर २० लिहिलेलं असलं तरी आत तेच पाच सेल. बोर्ड सोडून थेट मोटरला दिलं असतं, तर वेग दीडपट झाला असता आणि चाक अडकल्यावर मोटरमधली उष्णता सव्वादोनपट. गिअरबॉक्स उघडून तुम्ही पहिल्या प्लॅस्टिकच्या गिअरचे दाते टॉर्चच्या उजेडात दाखवलेत. ग्रीस पुसल्यावर त्यांच्या एका बाजूला चमक आलेली स्पष्ट दिसत होती. १२ व्होल्टवरच इतकी झीज झालेली होती.

वेगाबद्दल तुम्ही जे बोललात ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. वेग दीडपट झाला की धडकेची ताकदही सव्वादोनपट होते, आणि या गाडीला ब्रेक म्हणजे पोरीने पाय उचलणं. स्टिअरिंगचा दांडा बारीक, चाकं गुळगुळीत प्लॅस्टिकची. गाडी होती तेवढ्याच वेगाने धावेल, फक्त जास्त वेळ धावेल, असं तुम्ही ठरवलंत. मला ते तेव्हाच पटलं आणि आता तर पुरतं पटलंय.

त्यासाठी व्होल्टेज १२ वर आणणारा स्टेप-डाउन कन्व्हर्टर लागणार होता. अंदाजाने कुठलातरी घेऊन बसवता आला असता. तुम्ही लेकीला गाडीत बसवून वायरभोवती करंट मोजणारा क्लॅम्प मीटर लावलात, आधी सपाट जागेवर, मग गवतावर, मग पुढचं चाक क्षणभर भिंतीला टेकवून. गवतावर आकडा असा उसळला की मी दचकलो. तुम्ही तो शांतपणे वहीत लिहिलात आणि भिंतीला टेकवल्यावर आला त्याहूनही वरच्या क्षमतेचा कन्व्हर्टर निवडलात. लेकीला वाटत होतं की आज ताई आपली ड्रायव्हिंगची परीक्षा घेताहेत.

कटऑफची, म्हणजे पॅक फार उतरला की करंट आपोआप तोडणाऱ्या स्विचची, गोष्ट मी आता भेटेल त्याला सांगतो. लेड-ॲसिडची गाडी बॅटरी उतरली की हळू होते, त्यावरून कळतं. कन्व्हर्टर मात्र पॅक उतरत आला तरी शेवटपर्यंत १२ व्होल्टच देत राहतो. उलट पॅकचं व्होल्टेज घसरेल तसा तो त्यातून जास्त करंट ओढतो. गाडी पळतेय, पोर खूश आहे आणि आत सेल मरताहेत, हे बाहेरून कळायचं कसं? काही कंपन्यांचे पॅक कमी व्होल्टेजला स्वतःहून थांबत नाहीत, ते काम ड्रिल करतं. गाडीत ड्रिल नाही. म्हणून तुम्ही कन्व्हर्टरच्या आधी कटऑफ बसवलात, दर सेलला ३ या हिशोबाने १५ व्होल्टवर. त्यातही एक बारकावा होता. करंट तुटला की पॅकचं व्होल्टेज जरा वर येतं, कटऑफमधला रिले, म्हणजे आपोआप उघडबंद होणारा स्विच, पुन्हा जोडला जातो, पुन्हा तुटतो, नुसती टकटक. ती होऊ नये म्हणून पुन्हा जोडण्याचा आकडा तुम्ही १८ वर ठेवलात. त्यामुळे पॅक चार्ज करून आणल्याशिवाय गाडी हलतच नाही.

फ्यूज पॅकच्या पॉझिटिव्ह टोकापासून वीतभर अंतराच्या आत हवा, हेही तुमच्याकडून कळलं. वायर कुठेही घासून शॉर्ट झाली तरी त्याआधी फ्यूज आला पाहिजे, कारण हा पॅक क्षणात इतका करंट सोडतो की वायरचं आवरण वितळेल. जुन्या बारीक वायरी काढून जाड टाकल्यात, प्रत्येक सांध्यावर स्लीव्ह चढवलीत, पॅक जुन्याच जागी खाली ठेवून पट्ट्याने आवळलात म्हणजे गाडीचा तोल बदलू नये.

आणि तो चार्जिंगचा सॉकेट! तो माझ्या कधीच ध्यानात आला नसता. गाडीच्या बाजूचा सॉकेट आतून बॅटरीच्या वायरींनाच जोडलेला होता. घरातलं कुणीही सवयीने जुना चार्जर त्यात खुपसलं असतं, आणि तो चार्जर लेड-ॲसिडसाठी बनवलेला. तुम्ही त्याच्या वायरी आतून तोडून टोकं बंद केलीत, वर टोपण चिकटवलंत आणि जुना चार्जर माझ्याकडून मागून घेतलात. आता पॅक बाहेर काढायचा आणि त्याच्या स्वतःच्या चार्जरवर, कुणीतरी जागं असतानाच, चार्ज करायचा, हा घरातला नियम झालाय. दोन पॅक एकत्र समांतर जोडायची माझी कल्पनाही तुम्ही तिथेच थांबवलीत. भरलेला पॅक रिकाम्यात बेफाम करंट ढकलतो, तेव्हा एका वेळी एकच.

लेकीबद्दल एक सांगायचं राहिलं. तुम्ही तिला तो लाल मेन स्विच दाखवून म्हणाला होतात, “गाडीतून उतरली की हा बंद करणं तुझं काम.” ती ते काम इतक्या निष्ठेने करते की मी गाडी ढकलत आत आणली तरी आधी स्विच पाहते. मुलांशी असं बरोबरीने बोलणारी माणसं मी फार पाहिली नाहीत, ताई.

परवा फेरीनंतर मोटरना हात लावून पाहिला. कोमट होत्या, हात आरामात ठेवता येत होता. डावीकडचा गिअरबॉक्स मात्र मागे येताना किंचित करकरतो, तो तुम्हाला दाखवायला आणतो.

आणि शेजारच्यांना त्यांच्या मुलाच्या गाडीत हेच करायचंय. तुमचा नंबर विचारल्याशिवाय दिलेला नाही. तुमच्या वहीतल्या आकृतीचा फोटो दाखवलाय, पण त्यांची गाडी ६ व्होल्टची निघाली, म्हणजे आपले आकडे त्यांना चालणार नाहीत. त्यांना बोर्ड आणि मोटरवर काय लिहिलंय ते उतरवून ठेवायला सांगितलंय. तुम्हाला सवड असेल तेव्हा त्यांनाही घेऊन येऊ का?

तुमचा मनापासून आभारी,
गाडीवाल्या पोरीचा बाबा