‘एल’ म्हणजे ‘डावीकडे’ नव्हे

महोदय,

प्रथिने ज्यांची बनतात त्या अमिनो आम्लांची एल आणि डी अशी, एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमा असलेली, दोन रूपे असतात. ‘एल-अमिनो आम्ले प्रकाश डावीकडे वळवतात, डी उजवीकडे’ हे वाक्य वृत्तपत्रांच्या विज्ञान पुरवण्यांतून वरचेवर वाचायला मिळते. ते चूक आहे. एल-ल्युसिन या अमिनो आम्लाचे विशिष्ट वलन, म्हणजे प्रकाश वळवण्याचे माप (उणे म्हणजे डावीकडे, अधिक म्हणजे उजवीकडे), पाण्यात सुमारे उणे ११ अंश, तर तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात अधिक १५ च्या आसपास भरते. रेणू तोच, दिशा उलटी! एल-डी ही ओळख रेणूच्या ठेवणीची आहे. प्रथिनांच्या मिश्रणात तर पोलारिमीटर, म्हणजे हे वलन मोजणारे यंत्र, सगळ्यांची गोळाबेरीजच दाखवणार.

कोणते आम्ल एल आणि कोणते डी, हे कळायला आधी त्यांना वेगळे करावे लागते. त्यासाठी महागडा कायरल कॉलमच (आरशातल्या प्रतिमा वेगळ्या करणारी खास नळी) हवा असे नाही. पुण्यातल्या ज्या महाविद्यालयात एचपीएलसी (द्रवातले घटक दाबाखाली कॉलममधून नेऊन वेगळे करणारे यंत्र) आणि त्याचा नेहमीचा, साधा सी-१८ कॉलम आहे, तिथे मार्फी यांची १९८४ सालची पद्धत सहज करता येईल. त्यांचा रीएजंट, म्हणजे अमिनो आम्लाला जोडायचे रसायन, मुळात एल-ॲलानिनपासून केलेला. तो जोडला की एल व डी एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमा उरत नाहीत, आणि साधा कॉलमही त्यांना वेगळे करतो. बहुतेकदा एल आधी बाहेर पडते, डी मागून.

कृती अशी: ५० मिलिमोलर अमिनो आम्लाचे ५० मायक्रोलिटर द्रावण, ॲसिटोनमधला १ टक्का रीएजंट १०० मायक्रोलिटर, १ मोलर सोडियम बायकार्बोनेट २० मायक्रोलिटर. ४० अंश सेल्सियसला तासभर, कुपीला फॉइल गुंडाळून, कारण प्रकाशाने हे पदार्थ बिघडतात. थंड झाल्यावर २ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल १० मायक्रोलिटर; मोजणी ३४० नॅनोमीटरला. हातमोजे हवेतच. हा रीएजंट प्रथिनांतल्या अमिनो गटांना चिकटणाऱ्या सँगरच्या रीएजंटचा भाऊबंद आहे, त्वचेलाही सोडत नाही. शिवाय बोटांच्या ठशांत सेरीन भरपूर असते, ते नमुन्यात उतरले तर आकडे बिघडतात.

प्रयोग फसतो तो बहुधा आधीच्याच पायरीवर. प्रथिन फोडून अमिनो आम्ले सुटी करायला ते ६ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात ११० अंशांवर २४ तास ठेवतात. ते आम्ल पुरते उडवले नाही, तर बायकार्बोनेट फसफसून तिथेच संपते आणि रीएजंट जोडला जात नाही. पीएचचा कागद लावून पाहा. शिवाय या उष्णतेत शुद्ध एल आम्लांतूनही थोडे डी तयार होते, ॲस्पार्टिक आम्लात विशेष. म्हणून निव्वळ एल आम्ले असलेले ओळखीचे प्रथिन त्याच वेळी फोडून त्यातल्या डीचा आकडा वजा करावा. नुसत्या रीएजंटचाही एक नमुना चालवावा, कारण उरलेल्या रीएजंटचे आलेखातले शिखर फसवते. आयसोल्युसिन आणि त्याचेच वेगळ्या ठेवणीचे भावंड ॲलो-आयसोल्युसिन मात्र सी-१८ वर नीट सुटत नाहीत. तिथे निकाल देऊ नये.

डी आम्ले म्हणजे केवळ प्रयोगशाळेतले खेळणे, असेही कोणी समजू नये. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ज्यासाठी उभी राहिली, त्या पेनिसिलिनच्या रेणूत व्हॅलिन या अमिनो आम्लाचा अंश डी रूपातच असतो. बुरशी तो एल-व्हॅलिनपासूनच उलटवून घेते.

— रसायनशास्त्राचे दोन अध्यापक, पुणे