मेट्रन मावशी, ती किल्ली तुमच्याच हातात द्यायची होती

मेट्रन मावशी,

नमस्कार.

ज्या दिवशी मी नोकरी सोडून शाळेच्या ऑफिसात सही करून सामान उचललं, त्या दिवशी तुम्ही वाईला दवाखान्यात गेला होतात. किल्ली क्लार्कच्या टेबलावर ठेवावी लागली. ती तुमच्या हातात द्यायची होती, तुमच्या पाया पडायचं होतं. दोन्ही राहून गेलं. पसरणीचा घाट उतरेपर्यंत मला रडू आवरेना. तुमचं देणं मनातल्या मनात ठेवायचं नाही, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहिते आहे.

संगीत-नाटकाची निवासी असिस्टंट म्हणजे काय, हे मला पाचगणीच्या निवासी शाळेत रुजू होईपर्यंत नीटसं कळलं नव्हतं. सकाळच्या प्रार्थनेला पेटी, दुपारी कॉयरच्या मुलांचे सूर, संध्याकाळी तालीम, प्रॉम्प्टिंग, पुठ्ठ्याचे मुकुट, हरवलेल्या दाढ्यामिशा आणि रात्री दिवे मालवेपर्यंत मुलींची डॉर्मिटरी. काम मला मनापासून आवडायचं. अकरा वर्षांची एखादी पोर विंगेतून पहिल्यांदा पुढे येते, घसा कोरडा पडलेला, शब्द निघत नाही आणि मग एकदम निघतो. त्या क्षणासाठी मी कितीही मुकुट चिकटवले असते.

पण ‘तुम्ही इथंच तर राहता’ या एका वाक्यानं माझा सगळा दिवस गिळला. जो येईल तो दार वाजवायचा. माझा स्वतःचा रियाझ बंद पडला. आधीच्या शाळेत मी रियाझासाठी जागा मागितली होती, तेव्हा उत्तर मिळालं, ‘गाण्याचाच तर पगार देतो तुम्हाला.’ इथे ऑफिसात विचारलं तर पहाटे मुलं झोपलेली असतात आणि दिवसा खोली रिकामी नसते, म्हणून नाही. वर, राहायला-जेवायला मिळतंय की! फारूख बलसारा नावाचा मुलगा पाचगणीत शाळेत असताना पियानो शिकला आणि पुढे ‘क्वीन’ बँडचा जगप्रसिद्ध गायक फ्रेडी मर्क्युरी झाला, हे गावात येणाऱ्या प्रत्येकाला अभिमानानं सांगतात. त्याच्या पियानोला पावसाळ्यात कोण जपत होतं, हे मात्र मी कुणाला विचारताना ऐकलं नाही. मला ते फार लागायचं.

त्यात जुलै आला. महाबळेश्वरच्या मानानं इथे पाऊस कमी, असं सगळे म्हणतात; पण धुकं खिडकीतून आत येऊन गादीवर बसतं. तबल्याची पुडी, म्हणजे वरचं चामडं, सुरातून उतरायची, ते ताणणाऱ्या वादीवर बुरशी धरायची. माझा तानपुरा मिरजेचा, बाबांनी सतारमेकर गल्लीतून घेऊन दिलेला. त्याच्या भोपळ्याचा सांधा उकलायला लागला. मी ऑफिसात सांगितलं. ‘पावसाळ्यात असंच असतं,’ म्हणाले.

त्या संध्याकाळी तुम्ही रग मोजायला आला होतात. मी टॉवेलनं तानपुरा पुसत होते. ‘सर्दावलाय व्हय?’ एवढंच विचारून तुम्ही गेलात.

दुसऱ्या दिवशी नाश्त्यानंतर तुम्ही माझ्या हातावर किल्ली ठेवलीत. मुलींच्या कपड्यांवर नंबर शिवायची ती पांढरी फीत असते ना, तिचा तुकडा किल्लीला बांधलेला. नंबराच्या जागी शाईनं लिहिलेलं, ‘गाणं’. किल्ली चादरी-पांघरुणांच्या कोठीची होती. छतापर्यंत रचलेले रग आणि रजया, ओले युनिफॉर्म सुकवायला हीटर. ‘कोरडं असतंय. आन् आवाज बी भाईर जात न्हाई,’ तुम्ही म्हणालात. तुम्हाला कसं माहीत, असं मी विचारलं. तेव्हा कळलं, आदल्या रात्री तुम्ही धोबीकाकांना बाहेर उभं केलं होतं आणि आत दार लावून मोठमोठ्यानं हाका मारल्या होत्या. काय हाक मारलीत? तर, ‘जेवाय चला!’ त्यांना एकही ऐकू आली नाही, म्हणून मग किल्ली.

मावशी, किल्ली कुणीही दिली असती, असं क्षणभर धरून चालू. पण दिवसभर शंभर पोरींचं करून दमलेलं माणूस रात्री रगांच्या ढिगात उभं राहून दुसऱ्याच्या गाण्यासाठी ओरडून बघतं, हे मी कुठे पाहिलं नव्हतं. मला काय हवं आहे, ते तुम्ही माझ्याकडून वदवूनही घेतलं नाहीत. ज्यांच्या हातात परवानग्या होत्या, त्यांनी माझे अर्ज वाचले. तुम्ही तानपुऱ्याकडे बघितलंत. अशी माणसं प्रत्येक शाळेत, प्रत्येक दवाखान्यात कुठेतरी असतात, आणि त्यांच्या जिवावर बाकीचे आम्ही तग धरतो.

रोज पहाटे साडेचार ते साडेपाच मी तिथे खर्ज लावला, म्हणजे खालच्या सुरांचा रियाझ केला. रगांमुळे सूर जराही घुमत नसे. जसा लागला तसा उघडा ऐकू यायचा, चुकीसकट. इतका प्रामाणिक रियाझ मी मिरजेतही केला नव्हता. आणि संध्याकाळी तालमीत मुलींवर खेकसणं बंद झालं, ते तुम्हीही पाहिलंत.

तानपुऱ्याचा सांधा आता मिरजेत नीट बसवून घेतला आहे. ती फीत मी किल्लीवरच राहू दिली. क्लार्कनं ती खुंटीला अडकवली असेल तर मागून घ्या. पुढची असिस्टंट येईल तिला द्या.

आणि एक. इतके महिने मी तुमच्या कोठीत गायले, पण तुम्हाला ते ऐकूच आलं नाही. तुमच्या रगांनी आवाज बाहेर जाऊ दिला नाही. दिवाळीच्या सुट्टीत मुली घरी गेल्या की मी तानपुरा घेऊन येते. तेव्हा दार लावून आत बसा.

तुमची,
गाण्याची बाई